पादुआचे शवविच्छेदनगृह : एक वास्तुविचार

पादुआ विद्यापीठाच्या पालात्सो बो या वास्तूत 1594-95 मध्ये जिरोलामो फाब्रिची याच्या पुढाकाराने बांधले गेलेले शवविच्छेदनगृह हे आज टिकून असलेल्या कायम स्वरूपाच्या शवविच्छेदनगृहांत सर्वांत जुने होय. त्याचा गौरव बहुधा तेथे वावरलेल्या थोर नावांमुळे केला जातो. तथापि त्याचे महत्त्व प्रथम त्याच्या रचनेत शोधावयास हवे.

तत्पूर्वी हिवाळ्यात फळ्यांचे मांडव उभारून विच्छेदने होत व काम संपताच ते मोडले जात. व्हेसॅलियसच्या 1543 मधील ग्रंथाच्या मुखचित्रात दिसणारी रेटारेटी अशाच मांडवातील आहे. रोमन रंगमंडलाची कल्पना या मांडवांमागेही होतीच. पादुआच्या कारागिरांनी ती आकसून घेतली. सहा लंबवर्तुळाकार सज्जे एकावर एक, वरचा खालच्याहून विस्तृत, अशी ही नरसाळ्यासारखी योजना आहे. तीत आसन एकही नाही. अक्रोडाच्या लाकडाच्या कोरीव कठड्याला टेकून दोनतीनशे माणसांनी दाटीने उभे राहावे आणि खाली पाहावे, एवढेच तेथे शक्य होते. लंबवर्तुळाची निवडही केवळ शोभेची मानता येणार नाही. आडव्या देहाशी तो आकार जुळतो. पूर्ण वर्तुळात कुशीकडील प्रेक्षक विनाकारण दूर पडले असते. (या योजनेत पाओलो सार्पी याचा हात असल्याची परंपरा आहे, ती खरी असो वा नसो, योजना भूमिती जाणणाऱ्याची आहे.)

बोलोन्याचे 1637 मधील गृह याच्या शेजारी ठेवून पाहावे. तेथे अध्यापकाच्या उच्चासनावरील छत एर्कोले लेल्ली याने घडविलेल्या दोन त्वचाहीन मानवाकृतींनी तोलले आहे. शिल्प म्हणून ते अप्रतिम, परंतु दृष्टी आसनाकडे वळते. पादुआत दृष्टीला वळावयास दुसरी जागाच नाही.

मात्र रचनेने दर्शन घडते, अर्थबोध घडतोच असे नाही. येथेच शिकून 1602 मध्ये पदवी घेणाऱ्या विल्यम हार्वेने आणि त्याच्या गुरूने शिरांतील त्याच झडपा पाहिल्या. रक्ताचा वेग आवरणे हे त्यांचे कार्य, असे फाब्रिचीने 1603 मध्ये मांडले. त्यांवरून रक्ताची दिशा ओळखून हार्वेने 1628 मध्ये अभिसरण सिद्ध केले. वास्तूचे श्रेय सांगताना ही मर्यादा सहसा विसरली जाते.

1872 पर्यंत वापरात असलेल्या या गृहाचा आजचा प्रश्न जतनाचा आहे. सज्ज्यांवर प्रवेश नाही. अभ्यागत खालच्या दालनातून, जेथे विच्छेदनाचे मेज असे त्या पोकळीतून, वर पाहतो. म्हणजे प्रेक्षकासाठी रचलेली वास्तू तो शवाच्या जागेवरून पाहतो. हा विपर्यास मोठा आहे. बोलोन्याचे गृह 1944 च्या बाँबवर्षावात कोसळले, ढिगाऱ्यातून लाकूड वेचून पुन्हा उभारले गेले, आणि तेथे आत वावरता येते. तरीही पादुआचा निर्बंध योग्यच म्हणावा लागेल. अरुंद सज्जे आणि त्यांचे सांधे एकदा झिजले की मूळ सुतारकामाचा पुरावा कायमचा जाईल. आक्षेप घ्यावयाचा तो मौनाविषयी. आज आत येणारा दिवसाचा उजेड 1840 च्या दशकात पाडलेल्या खिडक्यांतून येतो. फाब्रिचीचे विद्यार्थी मेणबत्त्यांच्या प्रकाशात पाहत असत. वास्तूस मूळ स्वरूपातील म्हणून दाखविताना हा फरक पाहणाऱ्यास आधी सांगावयास हवा.