अर्थावाचून शब्दकोश

शब्दकोश उघडणाऱ्याच्या मनात सामान्यतः एकच प्रश्न असतो : या शब्दाचा अर्थ काय? इंग्रजीत मात्र एका निराळ्या जातीचा कोश रूढ झाला आहे. त्याच्या वाचकाचा प्रश्न असा, की अमुक अक्षरे माझ्या हाती आहेत, तर त्यांचा शब्द कोणता होईल? 'ऑफिशियल स्क्रॅबल प्लेअर्स डिक्शनरी' हा या जातीचा प्रमुख कोश. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकेतील जुन्या कोशसंस्थेने तो १९७८ साली प्रथम प्रसिद्ध केला. आमच्या तरुण मंडळींत स्क्रॅबलचा छंद वाढला आहे आणि इंग्रजी सुधारण्याचे साधन म्हणून वडील मंडळी त्याला उत्तेजनही देतात. म्हणून या कोशाची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम या खेळाचा हिशेब पाहू. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुशिल्पी १९३० नंतरच्या मंदीत बेकार झाला. वृत्तपत्रात कोणते अक्षर किती वेळा येते याची त्याने मोजदाद केली आणि तीवरून प्रत्येक अक्षराची संख्या व किंमत ठरविली. शंभर सोंगट्यांपैकी 'ई' बारा आणि 'क्यू' अवघा एक. म्हणून 'ई'ला एक गुण, तर 'क्यू'ला दहा. दुर्मिळ ते मोलाचे, असा हा बाजारी न्याय आहे. त्या न्यायाने 'योगा'चे आठ गुण होतात आणि तुपाला इंग्रजीत जो 'घी' शब्द आहे त्याचेही आठच. 'कर्मा'चे अकरा होतात. 'क्यू' आणि 'आय' एवढ्या दोन अक्षरांचा, प्राणशक्ती या अर्थाचा जो चिनी शब्द आहे, त्याचेही अकरा. आणि ॐकार? त्याचे चार. यात कोणी अवमान मानू नये. तराजूत शालिग्राम घातला तरी तराजू त्याचे वजनच सांगणार.

तथापि या कोशाच्या कर्त्यांनी प्रत्येक शब्दापुढे ओळभर का होईना, अर्थ दिला, ही गोष्ट त्यांच्या पदरी जमा केली पाहिजे. त्या ओळीचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने सांगतो. 'क्यू' हाती आला आणि जवळ 'यू' नसला म्हणजे खेळाडू ज्या शब्दांकडे धावतो, त्यांत 'कनात' हा एक आहे. गुण चौदा. आपल्या वाचकास तंबूची कनात आठवेल. पण येथे अर्थ वेगळा आहे. डोंगरपायथ्याचे पाणी भूमिगत बोगद्याने, केवळ उताराच्या जोरावर, दूरच्या गावी आणण्याची जी इराणी पद्धत, ती 'कनात'. बिदर येथे बहामनी काळात असेच बोगदे खोदले गेले. त्यांना तिकडे करेज म्हणतात. वाटेवर ठिकठिकाणी विहिरीसारखी उभी विवरे आहेत. हैदराबाद-बिदरकडील आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी ती पाहिली असतील. ज्याने केवळ पाच अक्षरे जुळविली, त्याला चौदा गुण मिळाले. ज्याने अर्थाची ओळ वाचली, त्याला आपल्याच मुलखातील पाण्याचा इतिहास सापडला.

दुर्दैव असे, की या खेळाचा ओघ ती ओळ गाळण्याकडे आहे. त्याचे टोक पाहायचे असेल तर न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांच्याकडे पाहावे. फ्रेंच बोलता येत नसता त्यांनी २०१५ साली फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळविले आणि २०२४ साली स्पॅनिशमध्येही तोच पराक्रम केला. त्यांच्या स्मरणशक्तीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु ज्या भाषेत तहान लागल्यास पाणी मागता येऊ नये, त्या भाषेच्या शब्दांचा एखादा मनुष्य सार्वभौम राजा होऊ शकतो, यावरून विजय शब्दांवर झाला की अक्षरांवर, हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, खेळच तो; त्यात अर्थाचा एवढा आग्रह कशाला? यावर एक प्रसंग सांगणे प्राप्त आहे. १९९३-९४च्या सुमारास अमेरिकेतील एका स्त्रीला या कोशात ज्यू लोकांना दिली जाणारी एक शिवी ग्राह्य शब्द म्हणून छापलेली आढळली. तिने तक्रार केली, बोभाटा झाला आणि पुढच्या आवृत्तीतून जाति-धर्माची निंदा करणारे व अश्लील असे शंभराहून अधिक शब्द वगळण्यात आले. खेळाडू संतापले. त्यांचे म्हणणे असे, की पटावर शब्दाला अर्थ नसतो, गुण असतात. मग तोड निघाली. १९९८ साली सामन्यांसाठी एक वेगळी यादी छापली गेली. तीत ते सर्व शब्द ठेवले, मात्र एकाही शब्दाचा अर्थ दिला नाही. अर्थ बोचतो ना? मग अर्थच काढून टाका! दोन दशके ही व्यवस्था चालली. अखेर २०२० साली अमेरिकेतील सामन्यांच्या यादीतून आणि २०२१ साली इतर देशांत चालणाऱ्या यादीतून तसले निंदाव्यंजक शब्द काढण्यात आले. दुसऱ्या यादीतील अशा शब्दांची संख्या चारशेच्या घरात होती.

आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे ही तोड आम्हांस फार ओळखीची वाटली. कायद्याच्या कलमातील शब्दाचा अर्थ लावताना त्याच्या शेजारचे शब्द पाहावे लागतात. अब्रूनुकसानीच्या दाव्यात तो शब्द कोणी, कोणाला आणि कोणाच्या देखत उच्चारला हे पाहावे लागते. 'मी केवळ अक्षरे उच्चारली' हा बचाव कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. अर्थ छापला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. ज्याला ती शिवी एकदा खावी लागली आहे, त्याला तो पाठ असतो.

याचा अर्थ अक्षरक्रीडा ही परकी किंवा त्याज्य आहे असा नव्हे. आमच्या साहित्यात ती पुष्कळ आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावले आहेत, म्हणून तो आपली कथा एकही ओष्ठ्य वर्ण न वापरता सांगतो. आमच्या मोरोपंतांनी 'निरोष्ठ रामायण' रचून दाखविले. भारवीने तर जवळजवळ केवळ नकारांचा श्लोक केला. पण या सर्वांची अट एकच होती : अक्षरांवर कितीही निर्बंध घाला, अर्थ पुरा उतरला पाहिजे. तो उतरूनही मम्मटाने अशा चित्रकाव्याला काव्याच्या पंक्तीत शेवटचेच पान दिले.

आमच्याविरुद्ध एक आक्षेप मात्र गंभीर आहे. वेदपाठी ब्राह्मणांनी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी अक्षर न् अक्षर राखले, आणि त्यांतील अनेकांस अर्थ अवगत नव्हता. मग त्यांना आणि रिचर्ड्स यांना वेगळे न्याय का? हा आक्षेप आम्ही टाळत नाही, कारण यास्कानेही तो टाळला नाही. अर्थ न जाणता वेद पढणाऱ्यास त्याने भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. परंतु खांब भार वाहतो म्हणूनच मंडप उभा राहतो. त्या पाठकांनी अक्षरे ठेव म्हणून सांभाळली. अर्थ जाणणारा कधीतरी येईल, त्याच्या स्वाधीन ती जशीच्या तशी करावयाची होती. पटावरचा शब्द गुण मोजून झाले की पिशवीत परत जातो.

शेवटी, शब्द म्हणजे अक्षरांची बेरीज हा समज आपल्या भागात तरी टिकू नये. कोंकणी नागरीत लिहिली जाते, रोमीत लिहिली जाते, कानडी लिपीतही लिहिली जाते. 'देव' नागरीत दोन अक्षरांचा आणि रोमीत तीन. म्हणून गोव्यात कोणाचा देव मोठा झाला नाही की लहान झाला नाही. लिपीवरून आमच्यात वाद पुष्कळ झाले, परंतु तिन्ही लिप्यांत अर्थ एकच आहे हे वाद घालणारेही जाणून होते.

आमचा अभिप्राय असा, की हा कोश घरात अवश्य असावा. पण अर्थाची ओळ असलेलाच असावा. मुलाने दहा गुणांचा शब्द मांडला की वडिलांनी गुण लिहिण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारावा. तो सांगता आला नाही तर डाव थांबवून दोघांनी मिळून पाहावा. खेळ थोडा लांबेल, पण तेवढी उसंत घेण्यास हरकत नसावी.