हिरवे यंत्र, अपुरा हिशोब

‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द आज वाटेल त्या वस्तूवर छापलेला आढळतो. तो तपासायचा कसा? ठाणे पूर्वेतल्या कोपरीहून लोकलने पाच स्टेशनांवर विक्रोळी. तिथल्या गोदरेज अँड बॉइस कंपनीचेच उदाहरण घेऊ.

घरगुती एसीत पूर्वी आर-२२ हा वायू सर्रास वापरत. तो ओझोनच्या थराला घातक. म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार तो हळूहळू बंद करायचे ठरले. त्याच्या जागी अनेक कारखानदारांनी आर-४१०ए आणला. त्याने ओझोन वाचतो. पण वजनास वजन घेतले तर शंभर वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,१०० पट तापमानवाढ घडवतो. आगीतून फुफाट्यात!

गोदरेजने वेगळी वाट धरली. जर्मनीच्या जीआयझेड संस्थेच्या साहाय्याने शिरवळच्या कारखान्यात प्रोपेनवर चालणारे एसी तयार करून २०१२ मध्ये बाजारात आणले. प्रोपेनसाठी वरचा आकडा पाचहूनही कमी आहे. मात्र प्रोपेन पेट घेतो. म्हणून तो यंत्रात थोडाच भरावा लागतो आणि दुरुस्ती करणाऱ्यांना खास प्रशिक्षण लागते. ही जोखीम पत्करणे कौतुकास्पदच आहे.

पण आता थोडे गणित करू. समजा, एका एसीत ८०० ग्रॅम आर-४१०ए आहे. तो सगळा हवेत गेला तर परिणाम सुमारे १.७ टन कार्बन डायऑक्साइडइतका. तोच एसी वर्षाला १,००० युनिट वीज घेतो आणि दर युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर दहा वर्षांचे होतात ७ टन. म्हणजे विजेचा वापर तोच राहिला तर वायू बदलून एकूण ८.७ टनांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा वाचतो. विकलेल्या यंत्रांची संख्या पाव पटीने वाढली की ही बचत संपली!

अशा धोरणांची खरी उणीव इथे आहे. कंपन्या बचत सांगतात ती एका यंत्रामागची. हवेत जाते ती मात्र सगळ्या यंत्रांची बेरीज. शिवाय एसी भंगारात गेल्यावर आतल्या वायूचे काय होते, याचा जाब कोणी देत नाही.

वर्गात हा हिशोब जरूर करून पाहा. कोपरीतल्या एका इमारतीवरचे एसी मुलांना मोजू द्या. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. गुणाकार मुलेच करतील.