मॅडिसनची टिपणे

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना-परिषद बंद दाराआड भरली. तिचे सर्वांत तपशीलवार इतिवृत्त जेम्स मॅडिसन यांनी लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, १८४० साली प्रसिद्ध झाले. टिपणे व मसुदे यांतच हयात घालविणाऱ्या आमच्या वाचकांस या ग्रंथाचे मर्म सहज कळेल. गुलामगिरीवरील वाद त्यात उघड शब्दांत आहे. संमत झालेल्या घटनेत मात्र 'गुलाम' हा शब्दच नाही. तेथे 'इतर व्यक्ती' आहेत, आणि प्रतिनिधित्वासाठी त्यांची गणना तीन-पंचमांश केली आहे. मॅडिसन स्वतः गुलामांचे धनी होते. उत्तरायुष्यात त्यांनी टिपणांवरून हातही फिरविला. तरी हा वाद त्यांनी पुसला नाही. मसुद्याने जे झाकले ते टिपणांनी राखले. या ग्रंथाचे मोल आम्ही यातच मानतो.