गुडघ्याखालील पायविच्छेदन आणि भारवाहक स्टंप : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात शस्त्रक्रियातंत्रांचे चिकित्सक मूल्यमापन

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचे अर्थकारण प्रामुख्याने हळद, सोयाबीन व कापूस या पिकांवर अवलंबून आहे. उकिडवे बसून खुरपणे, काळ्या मातीच्या चिखलातून चालणे आणि बांधावरून ओझे वाहणे ही या शेतीतील नित्याची कामे होत. अपघात, मधुमेह किंवा रक्ताभिसरणाचे विकार यांमुळे ज्या शेतमजुराचा पाय गुडघ्याखाली काढावा लागतो, त्याच्या दृष्टीने उरलेला पाय, म्हणजेच स्टंप, हे उपजीविकेचे साधन असते. म्हणून शस्त्रक्रियेचे यश जखम भरण्यावर मोजावे की भार पेलण्यावर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात प्रचलित तंत्रांचे मूल्यमापन दुसऱ्या निकषावर केले आहे.

‘भारवाहक’ या संज्ञेची मर्यादा :
नडगीचे हाड मध्येच कापल्यावर त्याचे टोक अरुंद राहते. शरीराचा संपूर्ण भार त्या टोकावर पेलला जात नाही. तो गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुबंध व नडगीची आतील बाजू यांवर विभागला जातो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेले सॉकेट याच तत्त्वावर आधारलेले आहे. तात्पर्य, स्टंपचा टिकाऊपणा शस्त्रक्रिया व सॉकेट या दोहोंवर अवलंबून असतो. त्यांपैकी एकाचाच विचार करणारी चर्चा अपुरी राहते.

बर्जेस यांचे तंत्र :
अमेरिकन शल्यविशारद अर्नेस्ट बर्जेस यांनी १९६० च्या दशकात मागील लांब फ्लॅपची पद्धत रूढ केली. पोटरीकडील त्वचा व स्नायूंचा रक्तपुरवठा पुढील बाजूपेक्षा चांगला असल्याने तोच भाग पुढे वळवून हाडाच्या टोकावर गादीसारखा बसविला जातो. नडगीच्या हाडाची पुढील कड तासणे, शेजारचे बारीक हाड किंचित आखूड ठेवणे आणि मज्जातंतू हलकेच ओढून कापणे, जेणेकरून ते मऊ ऊतींत आत सरकतील, या बाबी वरवर किरकोळ वाटतात. परंतु पुढे सॉकेटमध्ये होणाऱ्या वेदना बहुतांशी त्यांवरच अवलंबून असतात. तिरकस फ्लॅपची पद्धत हा याला पर्याय आहे. कॉक्रेनच्या २०१४ च्या आढाव्यात या दोन पद्धतींमध्ये जखम भरण्याबाबत फरक आढळला नाही. मात्र तेथेही मुख्य निकष जखम भरण्याचाच आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. भरलेली जखम आणि दिवसभर शेतात वापरता येणारा पाय या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एर्टल व साइम :
हंगेरियन शल्यविशारद यानोश एर्टल यांनी पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही हाडांच्या टोकांमध्ये अस्थिसेतू घडविण्याचे तंत्र पुढे आणले. टोक रुंद व स्थिर होऊन त्यावर काही भार पेलता यावा, ही त्यामागील भूमिका तर्कसंगत आहे. तथापि शस्त्रक्रिया लांबते, सेतू जुळून येण्यास अवधी लागतो आणि रक्तपुरवठा क्षीण असलेल्या रुग्णांत ते जोखमीचे ठरते. त्याचे सार्वत्रिक श्रेष्ठत्व निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

एडिंबरो येथील जेम्स साइम यांनी १८४२ मध्ये केलेले घोट्यातील विच्छेदन मात्र टोकावर भार घेणारे आहे, कारण त्यात टाचेची जाड त्वचा राखली जाते. रात्री कृत्रिम पाय न लावताही घरातल्या घरात चार पावले टाकता येणे, हा त्याचा लाभ ग्रामीण जीवनात मोलाचा आहे. टाच निरोगी असणे ही त्याची अट असून टोक फुगीर दिसते, ही उणीव होय. दिसण्याची उणीव कामाच्या गरजेपेक्षा मोठी मानावी काय, याचा निर्णय रुग्णाला विचारूनच व्हावा.

कृत्रिम पायाचा संदर्भ :
१९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी व रामचंद्र शर्मा यांनी घडविलेल्या जयपूर फूटने उकिडवे बसणे, अनवाणी चालणे व चिखलात वावरणे शक्य केले. भारतीय राहणीमान हा निकष येथे प्रथमपासून होता. शस्त्रक्रियेच्या चर्चेत तो अद्याप पुरेसा स्थिरावलेला नाही. पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र असले, तरी हिंगोलीहून ते दूर आहे. स्टंपचा आकार शस्त्रक्रियेनंतर अनेक महिने बदलत राहतो. सैल झालेले सॉकेट वेळेवर दुरुस्त झाले नाही, तर उत्तम स्टंपवरही घर्षणाने व्रण पडतात.

निष्कर्ष :
कोणतेही एक तंत्र सर्वांसाठी श्रेष्ठ ठरत नाही. रक्ताभिसरण क्षीण असलेल्या रुग्णासाठी मागील लांब फ्लॅप, निरोगी टाच उरलेल्यांसाठी साइम आणि निवडक तरुण अपघातग्रस्तांसाठी एर्टल, असा विवेक आवश्यक आहे. तंत्रनिवडीपूर्वी रुग्णाचा व्यवसाय, बसण्याची सवय व घराची जमीन यांची नोंद व्हावी. हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने शस्त्रक्रिया, सॉकेटची दुरुस्ती व पाठपुरावा यांची सांगड जिल्ह्यातच घालण्याची संधी निर्माण झाली आहे. रुग्ण पुन्हा शेतात किती वेळ उभा राहू शकला, ही नोंद जोपर्यंत ठेवली जात नाही, तोपर्यंत ‘टिकाऊ’ हे विशेषण केवळ गृहीतकच राहील.