क्रिस्तपुराणातील विनय आणि त्याची सीमा

अहंकार गळाल्यावाचून देव भेटत नाही, हे आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो. हीच शिकवण परधर्मीयाच्या ग्रंथात आढळली, तर तिची पारख कशी करावी? फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

१५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी पुराण छापविले. गर्वाने देवदूताचा अधःपात होतो आणि प्रत्यक्ष देव मनुष्यजन्माचे दैन्य पत्करतो, हे त्याचे सूत्र. परंतु उपदेशाहून मोठी साक्ष भाषेची आहे. लॅटिन विद्येचा डौल न मिरविता स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. कोंकणीचे व्याकरणही रचिले. श्रोत्याच्या वाणीपुढे नम्र होणे हाही विनयच होय.

तथापि दुसऱ्या बाजूचा पुरावाही दृष्टीआड करता येत नाही. १५६० मध्ये श्रीमंगेशाला कुट्ठाळी सोडून प्रियोळास यावे लागले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. हा दोष स्टीफन्स यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण ते गोव्यास आले ते नंतर. पण ज्या उपासनेने ओवीला भक्तीचे वळण दिले, तिला त्यांचे पुराण असत्यच मानते. त्यांचा विनय भाषेपर्यंत आला आणि श्रद्धेच्या उंबरठ्याशी थबकला. राज्यसत्तेला तर तेवढाही विनय नव्हता; १६८४ मध्ये तिने कोंकणीविरुद्धच फर्मान काढले. देवाच्या नावाने तिने पूजिला तो स्वतःचा दर्प.

तो उंबरठा रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ओलांडला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तुकोबांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. स्वतःच्या पंथाचा अभिमानही देवापुढे खाली ठेवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. काव्यरचनेत स्टीफन्स यांचा पल्ला मोठा; विनयात टिळक पुढे गेले.

हाच निकष आपल्यालाही लागू आहे. पालखीपुढचा मान कोणाचा, पहिला प्रसाद कोणाला, असले तंटे घेऊन माणसे न्यायालयाची पायरी चढतात. त्या दाव्यांत देवाचे नाव पुष्कळदा येते. पण मागणी असते ती आपल्याच मानाची. दुसऱ्याच्या ग्रंथातील गर्व दाखविणाऱ्याने आपल्या सभामंडपातही एकवार दृष्टी फिरवावी.