नवशिक्याच्या आज्ञावलीतील दोन दोष

सातारा जिल्ह्यात कराड येथे कोयना कृष्णेस मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीस पोहोचते. तेथे आयर्विन पुलापाशी त्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. अशा नोंदींच्या धर्तीवर नवशिक्यांस पुढील अभ्यास देता येतो : अ‍ॅरेमध्ये क्रमाने मांडलेल्या पातळ्यांत लागोपाठच्या तीन पदांची चढती मालिका कोठे आढळते काय, हे सांगणारी जावा आज्ञावली लिहा.

नवशिक्याची रचना बहुधा अशी असते : प्रत्येक स्थानचे पद व त्यापुढील दोन पदे तो ताडून पाहतो, ती चढती असल्यास ‘सापडले’ या चलात होकार, अन्यथा नकार ठेवतो, आणि अखेरीस त्या चलाचे मूल्य उत्तर म्हणून देतो. पदे ताडण्याची ही कल्पना योग्यच आहे. तथापि या रचनेत दोन दोष राहतात.

पहिला दोष सीमेचा. आवर्तन अखेरच्या पदापर्यंत नेल्यास त्यापुढील पदे अस्तित्वातच नसतात, व आज्ञावली त्रुटी दाखवून मध्येच थांबते. आवर्तन दोन पदे आधी संपविले की हा दोष नाहीसा होतो. तो स्वतःच बोलून दाखवितो, म्हणून सौम्य होय.

दुसरा दोष मूक आहे. ३१, ३४, ३८, ३७, ३७ या कल्पित नोंदी घ्याव्यात. पहिल्याच स्थानी होकार मिळतो. परंतु पुढील दोन तपासण्या तो पुसून टाकतात आणि उत्तर नकारार्थी येते. मालिका अगदी शेवटी असली तरच होकार टिकतो. चाचणीस नेमके तसेच उदाहरण घेतले, तर दोष लपून राहतो.

दुरुस्ती अल्प आहे. मालिका आढळताच होकार देऊन तेथेच थांबावे. नकार मात्र सर्व आवर्तन संपल्यावरच द्यावा. तीनहून कमी नोंदी असल्यास आवर्तन घडतच नाही व नकार आपोआप योग्य ठरतो.

‘कोठे तरी आहे’ हे विधान एका उदाहरणाने सिद्ध होते. ‘कोठेच नाही’ असे म्हणण्यास सर्व स्थाने तपासावी लागतात. नवशिक्याची मुख्य चूक जावाच्या व्याकरणाची नसून या तर्काची आहे. म्हणून शिक्षकाने दुरुस्त आज्ञावली हाती देण्यापूर्वी वरील पाच नोंदी विद्यार्थ्याकडून कागदावर, एकेक पायरी लिहून, तपासून घ्याव्यात. होकार कोणत्या पायरीस पुसला गेला, हे मग त्याचे त्यालाच दिसेल.