बतावणी, मुलाखत आणि उशिराची रात्र

दूरचित्रवाणीवरच्या रात्रीच्या गप्पांचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो आणि आपल्याकडे तो केबलच्या तारेवरून नव्वदच्या दशकात उतरतो, अशी एक सर्वमान्य समजूत आहे. घटनाक्रम म्हणून ती बरीचशी बरोबर आहे, पण समीक्षेच्या दृष्टीने अपुरी आहे. या प्रकाराचे घटक तपासले तर त्यातले बहुतेक मराठी रंगपरंपरेत आधीपासून होते. आपल्या दूरचित्रवाणीने ते एकत्र का येऊ दिले नाहीत, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी मूळ प्रकाराकडे पाहू. अमेरिकेतल्या एनबीसी या वाहिनीने २९ मे १९५० रोजी ‘ब्रॉडवे ओपन हाउस’ हा रात्री उशिराचा कार्यक्रम सुरू केला. ज्याला सूत्रधार म्हणून निवडले होते तो विनोदवीर डॉन हॉर्न्सबी पहिल्या प्रयोगाच्या काही दिवस आधी पोलिओने वारला. मग जेरी लेस्टर आणि मोरी ॲम्स्टरडॅम यांनी आठवड्यातल्या रात्री वाटून घेतल्या. नाच, गाणी, चुटके, थोडा धुडगूस असे त्याचे स्वरूप होते. १९५१च्या ऑगस्टमध्ये तो बंद पडला. तिथे गप्पा फारशा नव्हत्या, पण एक गोष्ट सिद्ध झाली: रात्री अकरानंतरही लोक जागे असतात आणि त्यांना झोपेआधी कुणाची तरी सोबत हवी असते.

या सोबतीचा बाजार मांडला तो पॅट वीव्हर या एनबीसीच्या अधिकाऱ्याने. तोवर एकेका कार्यक्रमाला एकच पुरस्कर्ता असे आणि कार्यक्रमावर त्याचीच हुकमत चाले. वीव्हरने मासिकातल्या पानांप्रमाणे कार्यक्रमातली मिनिटे वेगवेगळ्या जाहिरातदारांना विकायची पद्धत रूढ केली. सकाळचा ‘टुडे’ (१९५२) आणि रात्रीचा ‘टुनाइट’ (१९५४) ही त्या पद्धतीची दोन अपत्ये. २७ सप्टेंबर १९५४च्या रात्री स्टीव्ह ॲलन न्यूयॉर्कच्या हडसन थिएटरमधून प्रेक्षकांसमोर आला आणि हा कार्यक्रम कधी संपणारच नाही, अशी थट्टा त्याने आरंभीच केली. तेव्हा कार्यक्रम पावणेदोन तासांचा होता. पियानो, वाद्यवृंद, लिहिण्याचे मेज, उभ्याने केलेले सुरुवातीचे निवेदन, प्रेक्षकांत शिरून मारलेल्या गप्पा, रस्त्यावरच्या माणसाच्या खोट्या मुलाखती हे सगळे ॲलनच्या तीन वर्षांत जमून आले. पुढच्या सगळ्यांनी त्याचीच मांडणी थोडीफार बदलून वापरली.

१९५७मध्ये आलेल्या जॅक पार याने त्यात स्वतःला घातले. तो कलावंतापेक्षा गप्पिष्ट जास्त होता. रुसायचा, भांडायचा, कॅमेऱ्यासमोर डोळे पुसायचा. १९६०च्या फेब्रुवारीत शौचकूपाविषयीचा त्याचा एक निरुपद्रवी विनोद वाहिनीने परस्पर कापला. दुसऱ्या रात्री, ११ फेब्रुवारीला, तो आपली तक्रार प्रेक्षकांना सांगून चालू कार्यक्रमातून निघून गेला आणि महिन्याभराने, ७ मार्चला, परतला. दूरचित्रवाणीच्या पडद्यामागचा तंटा हाच कार्यक्रमाचा विषय होऊ शकतो, हे त्या रात्री ठरले. १ ऑक्टोबर १९६२ रोजी आलेल्या जॉनी कार्सनने ही आग शांत केली आणि पुढची तीस वर्षे, २२ मे १९९२पर्यंत, ती मंद आचेवर ठेवली.

आता या सामग्रीची यादी करू. आरंभी ताज्या घडामोडींवर टोमणे मारणारा एक माणूस; त्याच्या शेजारी ‘हं, मग?’ म्हणणारा जोडीदार. मागे वादक, जे मधूनच हसण्यात सामील होतात. समोर जिवंत प्रेक्षक. आणि वेळ रात्रीची. तमाशाचा क्रम ठाऊक असलेल्याला हे वर्णन परके वाटू नये. गण आणि गौळण झाली की बतावणी येते. सोंगाड्या आणि त्याचा सरदार यांच्यातला तो गद्य झगडा लिहून ठेवलेला नसतो. त्यात गावच्या पाटलाची, नव्या कायद्याची, महागाईची, समोर बसलेल्याच्या फेट्याचीसुद्धा फिरकी घेतली जाते. ढोलकीवाला नुसता वाजवत नाही, तो प्रश्नही विचारतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांनी शहरी नाट्यगृहात हेच केले. संहितेच्या फटीतून ते त्या त्या दिवसाचे राजकारण आत आणत आणि तेच ऐकायला लोक पुन्हा पुन्हा येत. ॲलन आणि कार्सन यांच्या सुरुवातीच्या निवेदनाला मराठीत प्रतिशब्द हवा असेल तर ‘बतावणी’ इतका नेमका शब्द दुसरा नाही.

दुसरा घटक मुलाखतीचा. तोही आपल्याकडे दुबळा नव्हता. व्याख्यानमाला, साहित्य संमेलनातल्या प्रकट मुलाखती, आकाशवाणीवरचे संवाद यांतून प्रश्न विचारण्याची आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऐकण्याची एक सवय मराठी समाजाला लागली होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा ही सवय वरळीच्या स्टुडिओत आयती मिळाली. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मे महिन्यात कार्सनने आपला मुक्काम न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातल्या बरबँकला हलवला होता. तिथे गप्पा सिनेउद्योगाच्या दाराशी जाऊन बसल्या. इथे त्या साहित्याच्या ओसरीवर बसल्या. सुहासिनी मुळगांवकरांसारख्या निर्मात्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या कार्यक्रमात लेखक, कलावंत, विचारवंत येत. त्यांना विकायला काही आणलेले नसे. नवा चित्रपट शुक्रवारी लागतो आहे म्हणून कुणी खुर्चीत बसलेला नसे. याच केंद्रावरून हिंदीत तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९७२ ते १९९३ असा एकवीस वर्षे चालला आणि सिनेमातल्या माणसांशी प्रेमाने, न ओरबाडता बोलता येते हे त्याने दाखवले. विनोदासाठी वेगळी जागा होती. विनायक चासकरांच्या ‘गजरा’तून छोट्या नाटुकल्यांची एक पिढी घडली.

नेमकी गोम इथेच आहे. हसणे ‘गजरा’कडे गेले आणि विचारणे ‘प्रतिभा आणि प्रतिमा’कडे. दोन्ही आपापल्या जागी उत्तम होते, पण त्यांची गाठ पडली नाही. विनोदी माणूस प्रश्न विचारत नसे आणि प्रश्न विचारणारा विनोद करत नसे. मराठीत ही फाळणी एकट्याने ओलांडू शकेल असा एक माणूस होता, पु. ल. देशपांडे. आकाशवाणी आणि दिल्लीतल्या दूरदर्शनचा अगदी पहिला काळ त्यांनी आतून पाहिला होता. पेटी, निवेदन, नक्कल, गप्पा, स्वतःचीच टर उडवणे हे ॲलनचे सगळे ऐवज त्यांच्यापाशी होते आणि साहित्याची जाण त्याहून कितीतरी मोठी होती. पण त्यांनी आपली रात्र रंगमंचावर घालवली. सरकारी माध्यमाने असा माणूस रोज रात्री मेजामागे बसवण्याचे मनात आणले नाही, आणि तसे मनात येण्याजोगी त्याची घडणही नव्हती.

ती घडण समजून घेतल्याशिवाय निर्मात्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत उशिराची रात्र ही पडीक जमीन होती. तिथे स्थानिक केंद्रे जुने चित्रपट लावत किंवा पडदा बंद करत, म्हणून तिथे स्वस्तात प्रयोग करता आला. मुले झोपलेली असत, त्यामुळे जीभ थोडी सैल सुटली तरी चाले. दूरदर्शनला अशी रात्रच नव्हती. संध्याकाळचे मोजके तास प्रक्षेपण होई आणि मग निरोप. १ जानेवारी १९७६पर्यंत जाहिरातीही नव्हत्या. त्याच वर्षी १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. जो काही संवाद व्हायचा तो आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच खोलीत, बहुधा शेजाऱ्यांसह, बसलेले असताना व्हायचा. त्यातून एक सभ्यता आली, जी आज हेवा वाटावा अशी आहे. आणि एक भिडस्तपणाही आला. पाहुण्याला ‘आपण’ म्हणून आरंभ केला की त्याच वाक्यात ‘पण तुमचे हे नाटक फसले, नाही का?’ असे विचारणे अवघड होते. प्रश्न लांबत, त्यांना सत्काराच्या भाषणाचा घाट येई, आणि पाहुण्याचे अपयश, त्याचे वैर, त्याची चूक यांच्या उंबरठ्यावरून संवाद हळूच मागे फिरे. आदरार्थी बहुवचनाचे हे व्याकरण मराठी मुलाखतीच्या मर्यादेचे एक खरे कारण आहे. इंग्रजीत पहिल्या नावाने हाक मारणाऱ्या पारला ही अडचण नव्हती.

भूगोलाचाही भाग होता. मुंबई केंद्राचे भूप्रक्षेपण मुंबई-पुण्याच्या टापूत दिसे. ज्या चंडीमंदिरात बसून मी हे लिहितो आहे तिथे १९८५मध्ये सैन्याच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय सिमल्याहून आले. या छावणीतल्या मराठी घरांनी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’चे नाव सुट्टीवर गावी गेल्यावर ऐकले असेल, पडद्यावर मात्र दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि जालंधर केंद्र. मराठी उपग्रह वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ रोजी आली, जिला आपण आज सह्याद्री म्हणून ओळखतो, आणि तेव्हा कुठे सीमेवरच्या मराठी माणसाला मराठी गप्पा दिसू लागल्या. पण या मुलखाने मला तुलनेसाठी दुसरे काही दिले. एक म्हणजे सीमेपलीकडचा ‘झिया मोहिउद्दीन शो’. इंग्लंडच्या रंगभूमीवर काम करून परतलेल्या या नटाने १९६९ ते १९७३ या काळात पाकिस्तान टेलिव्हिजनवर शायरी, चिमटे आणि गप्पा एकाच प्रयोगात बांधून दाखवल्या. उर्दूतही अदब आहे, मराठीपेक्षा कांकणभर जास्तच. तरीही तिथे ती थट्टेच्या आड आली नाही. दुसरे म्हणजे चंदिगडचे जसपाल भट्टी. अभियंता आणि व्यंगचित्रकार असलेल्या या माणसाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘उल्टा पुल्टा’त काही मिनिटांत जे केले ते शुद्ध बतावणीच होते: खाली ओढलेला चेहरा, सरळ आवाज आणि सरकारी कारभाराची सालपटे. भिडस्तपणाला केवळ भाषेची अदब किंवा सरकारी माध्यम कारणीभूत धरता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. आपली फाळणी आपण स्वतः, आवडीने, केली होती.

उपग्रह वाहिन्यांनी उशिराची रात्र आणली ती तयार साच्यासह. १९९५मध्ये स्टार प्लसवर ‘निक्की टुनाइट’ आला. एका पाहुण्याने महात्मा गांधींविषयी काढलेल्या अपशब्दामुळे गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि कार्यक्रम बंद झाला. पारच्या वेळी वाहिनीने विनोद कापला आणि सूत्रधार निघून गेला. इथे सूत्रधाराला पाहुण्याला आवरता आले नाही आणि कार्यक्रमच निघून गेला. उकसवणे हे बाहेरून आयात करता येते. उकसवल्यावर तोल सावरण्याचे कसब आयात होत नाही, ते बतावणीसारख्या परंपरेत रोज प्रेक्षकांसमोर शिकावे लागते. १९९७मध्ये सोनीवर शेखर सुमन यांचा ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ आला. मेज, वाद्यवृंद, आरंभीचे निवेदन, सगळा थाट अमेरिकी होता. तो चालला, कारण त्यातले टोमणे इथल्या नेत्यांवर होते आणि नकला इथल्या लकबींच्या होत्या. मराठीत ‘चला हवा येऊ द्या’ने पुढे वाद्ये, सोंगे आणि पाहुणे एकत्र आणले आणि तमाशाचा धागा पुन्हा पकडला. पण तिथे पाहुणा बहुतेक वेळा चित्रपटाची जाहिरात घेऊन येई आणि त्याला विचारलेला प्रश्न हा पुढच्या प्रहसनाचा फक्त खटका असे. दूरदर्शनवर विचारणे होते पण हसणे नव्हते. आता हसणे आहे, विचारणे उरलेले नाही.

म्हणून जुन्या मुलाखतींकडे पुन्हा पाहणे भाग आहे, स्मरणरंजनासाठी नव्हे तर कसब शिकण्यासाठी. पण पाहायचे कुठे? कार्सनच्या पहिल्या दशकातले बहुतेक भाग वाहिनीनेच पुसले, कारण चित्रफीत महाग होती आणि तिच्यावर पुन्हा मुद्रण करता येत असे. आपल्याकडेही फिती पुसून वापरल्या गेल्या. सह्याद्रीने यूट्यूबवर ठेवलेले जुने भाग त्यातून वाचलेले तुकडे आहेत. मराठी वाङ्मयेतिहास लेखकाची पुस्तके मोजतो, पत्रे छापतो, हस्तलिखिते जपतो. तो लेखक प्रश्नापुढे किती वेळ गप्प बसला, कोणत्या शब्दाशी अडखळला, कशावर हसला, याची नोंद आपण वाङ्मय मानली नाही. बतावणी लिहून ठेवायची नसते असे मानून आपण तिचे जे केले तेच मुलाखतीचेही केले. जे भाग उरले आहेत त्यांची तारीखवार सूची करणे, ते शब्दशः उतरवून घेणे आणि एखाद्या कथासंग्रहाची करावी तशी त्यांची समीक्षा करणे, एवढे तरी विद्यापीठांच्या मराठी विभागांना करता येईल. उद्या मराठीत कुणी मेजामागे बसून खरोखर विचारायला आणि हसवायला निघाले, तर त्याला बरबँककडे पाहण्याआधी वरळीकडे पाहता यावे.